साताऱ्याच्या वर्गातलं गोणपाट ते नाशिकचा सत्याग्रह: बाबासाहेबांचा चिवटपणा आला कुठून?

2 मार्च 1930. नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराची दारं बंद होती आणि बाहेर हजारो दलित स्त्री-पुरुष जमले होते. नेतृत्व होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. महिनाभराने रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. तरीही दादासाहेब गायकवाडांसारख्या स्थानिक नेत्यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षं चालवला.

एवढा चिवटपणा कुठून आला?

7 नोव्हेंबर 1900 रोजी नऊ वर्षांच्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. वर्गात ते इतरांपासून लांब, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. संध्याकाळी ते गोणपाट परत न्यावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला की तहान तशीच.

आज याला बुलिंग म्हणतील. पण खोडकर मुलाची तक्रार शिक्षकांकडे करता येते. इथे छळ हाच शाळेचा नियम होता.

त्रास सोसला की मूल आपोआप कणखर होतं, असं म्हणणं सोपं आहे. भीमरावांच्या बाबतीत ते अर्धवट ठरतं, कारण त्यांच्या पाठीशी माणसं होती. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक त्यांना आपल्या डब्यातलं खायला देत. पुढे मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत, वडील रामजी त्यांचा अभ्यास घेत. पुस्तकांसाठी ते मुलींचे दागिने गहाण ठेवत. केळुसकर गुरुजींनी तर शिष्यवृत्तीसाठी थेट बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला.

अपमान मात्र संपले नाहीत. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून 1917 मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं. दहा वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. शाळेतल्या त्या नळाची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की आता शिपायाची वाट पाहायची नव्हती आणि सोबत हजारो लोक होते.

नाशिकचं दार मात्र उघडलं नाही. 1934 मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना सत्याग्रह थांबवायला सांगितलं. मंदिरापेक्षा शिक्षण आणि राजकारणावर ताकद लावावी, असं त्यांचं मत झालं होतं. काहींना ही माघार वाटली. पण 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.