‘इंद्रसभे’ची एक रात्र

१८८० साली बळवंत पांडुरंग किर्लोस्कर पुण्यात आले होते ते कचेरीच्या कामासाठी. वय सदतीस वर्षांचे, नोकरी बेळगावच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतली. त्या मुक्कामात एका रात्री एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहण्याचा योग आला. लखनौच्या अमानत या कवीने लिहिलेले हे उर्दू संगीतनाट्य पारशी मंडळ्यांनी गावोगाव गाजवले होते. पऱ्या, राजपुत्र, झगमगते पोशाख, रंगवलेले पडदे आणि जवळजवळ अखंड गाणे, असा तो थाट होता. कथानकात फारसा जीव नव्हता. पण रंगमंचावर जो येई, तो आपले गाणे आपणच गाई. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात रुतून बसली ती ही गोष्ट.

आज त्यात नवल ते काय, असे वाटेल. मात्र त्या काळच्या मराठी नाटकाची रीत निराळी होती. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. योगायोग असा की अण्णासाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा, ३१ मार्चचा. भाव्यांच्या परंपरेत गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. झांज-मृदंगाच्या साथीने तो पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने हालचाली करून आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करीत. सीतेचा शोक सूत्रधाराच्या गळ्यातून येई. सीता नुसती डोळ्यांना पदर लावी. दुसरीकडे परशुरामपंततात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान कालिदासाची नाटके मराठीत आणीत होते, ती प्रामुख्याने वाचली जात. ज्यांना रंगभूमी ठाऊक होती त्यांच्याजवळ बांधेसूद संहिता नव्हती आणि ज्यांच्याजवळ संहिता होती त्यांना रंगभूमीचा सराव नव्हता.

अण्णासाहेबांचे एक पाऊल दोन्हीकडे होते. त्यांचे जन्मगाव मलप्रभेकाठचे गुर्लहोसूर, आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांच्या लहानपणापासूनच्या. शिक्षणासाठी पुण्यात असताना अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यातच त्यांचे मन अधिक रमले. तारुण्यात स्वतःची एक मंडळी काढूनही पाहिली. ती फार टिकली नाही. मग बेळगावात शिक्षकी केली आणि पुढे कमिशनरच्या कचेरीत चिकटले. ‘शांकरदिग्जय’ हे नाटक १८७३ सालचे. नटाला घरंदाज समाजात मान नव्हता, त्यामुळे कारकुनी सांभाळून नाटकाचा छंद जपायचा, एवढेच त्यांच्या हाती होते. चाळिशीकडे झुकलेला हा माणूस कदाचित तसाच राहिलाही असता.

‘इंद्रसभे’च्या रात्रीने त्यांना कोणती नवी विद्या दिली नाही. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठेका, कानडी पदांच्या चाली, संस्कृत नाटकाचा अभ्यास, हे सारे त्यांच्याजवळ आधीच होते. हे सगळे एकत्र आणून पात्रांच्याच कंठी ठेवता येईल, हे त्यांना त्या रात्री दिसले. पऱ्यांच्या जागी त्यांनी शकुंतला आणली. (न्यायाने सांगायचे तर मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी ‘नलदमयंती’त पात्रांच्या तोंडी पदे आधीच घातली होती. पण परंपरा उभी राहिली ती किर्लोस्करांच्या मागे.)

त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. सात अंकांचे पूर्ण नाटक तयार होईपर्यंत थांबण्याचा धीर त्यांना नव्हता. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले. पूर्ण नाटकात पदे दोनशेहून अधिक. एवढी पदे आजच्या प्रेक्षकाला झेपणार नाहीत हे खरे. परंतु मुलीला सासरी धाडताना कण्वाचे दुःख त्याच्याच गळ्यातून ऐकणे हा त्या प्रेक्षकांना अपूर्व अनुभव होता. कालिदासाची शकुंतला पुस्तकातून उठून मराठी बोलू-गाऊ लागली होती.

‘शाकुंतल’ हे शेवटी भाषांतर होते. अण्णासाहेबांची स्वतःची प्रतिभा खुलली ती ‘सौभद्रा’त. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली असली तरी घर ओळखीचे आहे. बहिणीचे लग्न आपल्या मनाप्रमाणे ठरवणारा थोरला भाऊ, हसत हसत त्याचा बेत उधळणारा धाकटा, मनातले कोणाला सांगता न येणारी मुलगी, हे सारे मराठी वाड्यातलेच वाटते. त्यासाठी लागणारा आवाजही नेमका वेळेवर मिळाला. बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्येच मंडळीत दाखल झाले होते. विशीच्या आतले वय, देखणे रूप आणि वरच्या पट्टीतला धारदार गळा. त्यांची सुभद्रा ऐकलेल्यांना पुढे दुसरी सुभद्रा सहज पटत नसे, असे जुने रसिक सांगत.

‘रामराज्यवियोग’ हे तिसरे नाटक. त्याचे तीन अंक १८८४ मध्ये झाले आणि पुढचे लिहून झालेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे गुर्लहोसूरला निधन झाले. वय अवघे बेचाळीस. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगाला त्या दिवशी पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते. एवढ्या अवधीत एक भाषांतर, एक स्वतंत्र नाटक आणि एक अपुरे नाटक, इतकेच त्यांच्या हातून झाले.

मंडळी मात्र थांबली नाही. भाऊराव आणि सहकाऱ्यांनी ती चालवली. नाटके लिहून देण्यास आणि तालमी घेण्यास गोविंद बल्लाळ देवल होतेच. बेळगावच्या शाळेत ते अण्णासाहेबांचे विद्यार्थी होते. या विद्यार्थ्याने पुढे म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख नाटकात आणले आणि किर्लोस्कर मंडळीने १८९९ च्या जानेवारीत इंदूरला ‘शारदा’चा पहिला प्रयोग केला. त्या रात्री रंगमंचावर देव नव्हते की राजे नव्हते. साध्या घरातली एक मुलगी आपले गाणे आपणच गात होती.