जोसेफ फूरिये : उष्णतेच्या गणितातून डिजिटल आवाजापर्यंत



मुलांच्या मोबाइलमध्ये हल्ली गाणी बनवायची ॲप्स असतात. त्यात फ्रिक्वेन्सी, हार्मॉनिक्स, इक्वलायझर, सॅम्पल रेट असे शब्द सारखे दिसतात. मुलं बटणं फिरवतात, पण अर्थ विचारला की गप्प बसतात. या सगळ्या शब्दांना जोडणारी कल्पना ज्याने मांडली, तो माणूस संगीताचा नव्हे तर उष्णतेचा अभ्यास करत होता. इंजिनिअरिंगची मुलं ज्यांना ‘फोरियर’ म्हणतात, तेच हे जोसेफ फूरिये.

बालपण

फूरिये यांचा जन्म 1768 मध्ये फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच आई-वडील गेले. धर्मगुरू चालवत असलेल्या गावातल्या लष्करी शाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि तिथेच गणिताची गोडी लागली. पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले. म्हणजे ते आपल्याच व्यवसायातले! फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला. सुटका झाल्यावर ते पॅरिसला गेले आणि तिथे शिकवू लागले.

कार्य

1798 मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर नेपोलियनने त्यांना ग्रनोबल येथे प्रशासक नेमलं. दलदलीचा निचरा, रस्ते अशी कामं सांभाळत त्यांनी धातूतून उष्णता कशी पसरते याचं गणित मांडलं. त्यातून एक धाडसी विधान पुढे आलं : कितीही वेडीवाकडी लाट घ्या, ती साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज करून मिळते.

1807 मध्ये त्यांनी हा निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला तो पटला नाही. पुढे याच विषयावरच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं, पण सिद्धता अपुरी असल्याचा शेराही मिळाला. फूरिये यांनी काम सोडलं नाही. 1822 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1829 मध्ये डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने त्या विधानाला भक्कम सिद्धता दिली. कोणत्या अटींवर ते खरं ठरतं हे दाखवलं. पुढच्याच वर्षी, 1830 मध्ये, फूरिये यांचं निधन झालं. नंतर ओम आणि हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी हीच कल्पना आवाजाला लावली.

मुलांना शब्द कसे सांगाल?

फ्रिक्वेन्सी म्हणजे वारंवारता, एका सेकंदातली कंपनं. ती वाढली की स्वर उंच होतो. ॲम्प्लिट्यूड म्हणजे आयाम. तो वाढला की आवाज मोठा होतो.

हार्मॉनिक्स म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लाटा. हार्मोनियम आणि बासरीवर एकच ‘सा’ वाजवा. स्वर तोच, पण आवाज वेगळा वाटतो, याचं एक मोठं कारण म्हणजे या लाटांचं प्रमाण वेगळं असतं. सिंथेसायझरमधली 100 हर्ट्झची चौकोनी लाट बघा. 100, 300, 500 अशा लाटा, 1, 1/3, 1/5 अशा प्रमाणात मिळवत गेलं की ती तयार होते.

इक्वलायझर यातल्या हव्या त्या वारंवारता वाढवतो किंवा कमी करतो. एमपीथ्रीमध्येही आवाज असाच वारंवारतांमध्ये फोडतात आणि कानाला जाणवणार नाही तेवढा भाग गाळतात. म्हणून फाइल लहान होते.

सॅम्पल रेट म्हणजे आवाजाची लाट सेकंदात किती वेळा मोजली. सीडीसाठी तो 44,100 असतो. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि लाट नीट पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं.

आपण काय घ्यावं?

फूरिये यांच्या परीक्षकांची शंका चुकीची नव्हती. सिद्धता खरंच अपुरी होती. पण तेवढ्यावरून ती कल्पना टाकून दिली असती तर मोठं नुकसान झालं असतं. वर्गात एखादं मूल बरोबर उत्तर देतं, पण कसं आलं ते सांगू शकत नाही. तेव्हा उत्तरावर काट मारू नका आणि ‘का?’ विचारायचंही सोडू नका. त्याला वेळ द्या. फूरिये यांना 1807 ते 1822 अशी पंधरा वर्षं लागली होती.