आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

मंद्रूपहून सोलापूरला आपण नेहमी जातो. त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मला हे डॉक्टर सगळ्यात जास्त आवडतात, म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

द्वारकानाथ लहानपणापासून अभ्यासात हुशार होते. पुढे ते मुंबईला जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीन देशावर मोठी चढाई केली. चीनमध्ये जखमी माणसे लई, आणि डॉक्टर थोडे. चीनने भारताकडे मदत मागितली. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टर बोटीने चीनला निघाले. त्यांची नावे अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीसांना अजून अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बाकीचे डॉक्टर नंतर एकेक करून परत आले. कोटणीस मात्र तिथेच राहिले.

लढाईत गोळी लागली की मांस फाटते, हाड मोडते. डॉक्टर काय करतात? घाण काढतात, जखम धुतात, रक्त थांबवतात, टाके घालतात. पण जखम भरून कोण काढतं? आमच्या बाईंनी सांगितले की ते काम शरीर स्वतःच करते. रक्तात बारीक कण असतात, त्यांना बिंबिका म्हणतात. त्या जखमेवर गोळा होऊन रक्ताची गुठळी करतात आणि काही पदार्थ सोडतात. त्यांना वाढ घटक म्हणतात. हे घटक म्हणजे जणू गावात दवंडी देणारा माणूस. दवंडी ऐकून शेजारच्या पेशी धावून येतात, वाढतात, नव्या रक्तवाहिन्या होतात आणि कडेकडेने नवी कातडी येते. पण जखमेत घाण राहिली तर जंतू वाढतात आणि सगळं काम बिघडतं.

स्टॅन्ले कोहेन या शास्त्रज्ञाने असा एक घटक उंदरांच्या पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे लवकर उघडले. त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंतालचिनी या बाईंना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोटणीसांच्या वेळी यातले काही माहीत नव्हते. पेनिसिलीनही तेव्हा सगळीकडे मिळत नव्हते. डॉक्टर बेथून नावाचे कॅनडाचे डॉक्टर तिथेच काम करत होते. ऑपरेशन करताना त्यांच्या बोटाला कापले, त्यात जंतू गेले आणि १९३९ साली ते वारले. एवढीशी जखम, पण जीव गेला! त्यांच्या नावाच्या दवाखान्याचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. त्याआधी १९४० च्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता ऑपरेशने केली. ८०० हून जास्त जखमींवर त्यांनी उपचार केले.

ते चिनी भाषा बोलायला शिकले. तिथले लोक त्यांना के दिहुआ म्हणत. त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण कामाच्या ताणाने कोटणीसांची तब्येत ढासळली. त्यांना फिट येत होत्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय फक्त ३२ वर्षे! बाळ तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. सोलापूरला भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे.

आमच्याकडे ऊसतोडीत कोयता लागला की कोणी जखमेत माती भरतं, कोणी राख, कोणी तंबाखू. माझ्या आजोबांना साखरेचा आजार आहे. त्यांच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरली नव्हती. साखर वाढली की वाढ घटकांचे काम नीट होत नाही, असे बाईंनी सांगितले. म्हणून पालकांनो, जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. साखर असेल तर रोज पाय बघा.

परक्या देशातल्या जखमींसाठी झिजलेल्या डॉक्टर कोटणीसांना माझे शतशः प्रणाम!

— इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मंद्रूप