पुणे क्लबच्या मैदानावर गवसलेला फिरकी गोलंदाज : पालवणकर बाळू

होतकरू गोलंदाज हेरण्यासाठी आज निवड चाचण्या आहेत, वयोगटांच्या स्पर्धा आहेत. बंगळुरू येथे २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीने देशभरातील अनेक तरुण खेळाडू घडविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यापैकी काहीही अस्तित्वात नव्हते. अशा काळात भारतातील पहिला मोठा फिरकी गोलंदाज सापडला तो पुण्यातील इंग्रजांच्या क्लबमध्ये, आणि तोही खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळपट्टीची देखभाल करणारा नोकर म्हणून.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातील कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवणी. आडनाव त्यावरूनच आले. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने कुटुंब पुण्यात राहत होते. छावणीच्या वातावरणात बाळू व त्यांचे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले, ते अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर. पारशी क्रिकेटपटूंच्या एका क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रोलर फिरवणे या कामासाठी बाळू यांना दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते पुणे क्लबमध्ये दाखल झाले आणि वेतन ४ रुपये झाले. जाळी लावणे, मैदानावर चुन्याच्या रेषा आखणे ही कामेही त्यांच्याकडे आली.

क्लबच्या एका इंग्रज सदस्याने त्यांना सरावाच्या जाळीत चेंडू टाकावयास सांगितले. डाव्या हाताने संथ गतीने टाकलेला, टप्पा पडताच वळणारा तो चेंडू लवकरच कॅप्टन जे. जी. ग्रेग यांच्या नजरेत भरला. ग्रेग हे त्या काळी भारतातील सर्वोत्तम युरोपीय फलंदाज समजले जात. ते रोज इतर सदस्यांच्या आधी मैदानावर येत आणि तासभर बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे, अशी ग्रेग यांची बोली होती, असे सांगितले जाते. महिना ४ रुपयांच्या नोकराला आठ बळींत महिन्याचा पगार सुटत होता. अचूकतेचे याहून कठोर शिक्षण कोणत्या शिबिरात मिळाले असते? मात्र या क्लबमध्ये बाळू यांच्या हाती बॅट कधी देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार होता.

गुण हेरले गेले होते, पण संघ कोठे होता? पुण्यातील हिंदूंच्या क्लबला युरोपीयांविरुद्ध जिंकायचे होते आणि त्यासाठी असा गोलंदाज हवा होता. तरीही त्यांना संघात घ्यावे की नाही यावर सदस्यांत मतभेद झाले. काही तेलुगू सदस्य अनुकूल होते. ब्राह्मण सदस्यांपैकी अनेकांची तयारी नव्हती. अखेर बाळू संघात आले, पण संघातील स्थान मैदानापुरतेच राहिले. मैदानावर सहकारी त्यांनी टाकलेल्या त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळू यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. त्यांच्या गोलंदाजीने सामने जिंकून दिल्यानंतर न्या. रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले आणि हा भेद हळूहळू सैल होऊ लागला.

प्लेगच्या साथीच्या काळात कुटुंब मुंबईस आले. तेथे बाळू यांनी रेल्वेत नोकरी केली व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळू व शिवराम या दोघाही भावांचा मोठा वाटा होता आणि देशभर त्याची चर्चा झाली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. पस्तिशीतील बाळू यांनी मात्र दौऱ्यात ११४ बळी मिळविले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली वाद उघड झाला. पालवणकरांना डावलल्याच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल हे भाऊ संघाबाहेर पडले, लोकमत खवळले आणि निवड समितीला तडजोड करावी लागली. बाळू उपकर्णधार झाले. अंतिम सामन्यात कर्णधार एम. डी. पै काही काळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळू यांच्याकडे आले. पूर्ण मान मिळाला तो धाकट्या विठ्ठल यांना: १९२३ साली ते कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी झाला. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंच्या वाटचालीचा तो मोलाचा आधार आहे.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. तरुणपणी आंबेडकरांना बाळू यांच्याविषयी मोठा आदर होता. पुढे राजकीय मार्ग वेगळे झाले होते. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, तर बाळू यांना ११,२२५.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळू यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात भारताला कसोटीचा दर्जा नव्हता. पहिली कसोटी १९३२ साली झाली, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.