ताऱ्यांचा प्रकाश वाचणारे मेघनाद साहा

रात्री आकाशात असंख्य तारे चमकतात. ते आपल्यापासून फार दूर आहेत. तेथे कोणी जाऊ शकत नाही. तरीही तारा किती तप्त आहे, त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्यांत मेघनाद साहा यांचे नाव आदराने घेतले जाते.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवरातली या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडिलांचे किराण्याचे छोटे दुकान होते आणि घरात आठ मुले होती. गावात फक्त प्राथमिक शाळा होती. मेघनादने आता दुकानात बसावे, असे वडिलांना वाटे. पण थोरल्या भावाने खटपट केली. दुसऱ्या गावातील एका दयाळू डॉक्टरांनी मेघनादला आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेतले. आपली भांडी आपण घासायची आणि गाईची देखभाल करायची, एवढीच अट होती. त्याने ती आनंदाने पाळली. पुढे परीक्षेत तो ढाका जिल्ह्यात पहिला आला व त्याला शिष्यवृत्ती मिळाली.

१९०५ साली तो ढाक्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. त्याच वर्षी इंग्रज सरकारने बंगालची फाळणी केली. गव्हर्नरांच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. शिक्षा म्हणून मेघनादला शाळेतून काढून टाकण्यात आले. शिष्यवृत्तीही बंद झाली. पण त्याने शिक्षण सोडले नाही. दुसऱ्या शाळेत शिकून तो पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेला. तेथील वसतिगृहात काही विद्यार्थी जातीमुळे त्याला आपल्या पंगतीला बसू देत नसत. हा अपमान सोसून त्याने अभ्यासात मन घातले.

साहा यांचे संशोधन समजून घेण्यासाठी एक साधी गोष्ट पाहू. ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. हा रंग मिठातील सोडियममुळे येतो. अणूमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या असतात. दोन पायऱ्यांच्या मधे उभे राहता येत नाही. उष्णता मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. खाली उतरताना तो तेवढीच ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यामुळे वर्णपटात ठरावीक रंगाची रेषा उमटते. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वर चढला, तर त्याच जागी काळी रेषा दिसते. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून रेषाही वेगळ्या. १९१३ साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स बोर यांनी पातळ्यांची ही कल्पना मांडली होती.

तरी एक कोडे उरले होते. रुबिडियमसारख्या काही मूलद्रव्यांच्या रेषा सूर्यप्रकाशात सापडत नव्हत्या. मग ती मूलद्रव्ये सूर्यावर नाहीतच काय? १९२० साली साहा यांनी याचे उत्तर दिले. उष्णता फार वाढली की इलेक्ट्रॉन सगळ्या पायऱ्या ओलांडून अणूबाहेरच निघून जातो. यालाच आयनीकरण म्हणतात. उरलेल्या अणूच्या पायऱ्या बदलतात आणि जुन्या रेषा नाहीशा होतात. म्हणजे रेषा दिसत नाही, एवढ्यावरून ते मूलद्रव्य तेथे नाही असे म्हणता येत नाही. सूर्यावरील डाग इतर भागांपेक्षा थंड असतात. म्हणून तेथे रुबिडियमच्या रेषा दिसतील, असे साहा यांनी सांगितले. पुढे त्या खरोखरच सापडल्या. तापमान आणि दाब यांवरून किती अणूंचे आयनीकरण होईल, याचे गणितही त्यांनी मांडले.

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्यांनी अलाहाबाद व कलकत्ता येथे अनेक विद्यार्थी घडवले. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

ज्या मुलाला कधी शाळेतून काढले गेले, कधी पंगतीत जागा नाकारली गेली, त्याचे समीकरण आज जगभरचे विद्यार्थी शिकतात. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला साहा यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.