औंधचे व्यायामप्रेमी राजे

सातारा जिल्ह्यात औंध नावाचे एक लहानसे गाव आहे. गावालगतच्या डोंगरावर यमाई देवीचे प्राचीन देऊळ आहे. इंग्रजांच्या अमदानीत या गावी एका छोट्या संस्थानाची राजधानी होती. संस्थानात अवघी ७२ गावे होती. त्याच्या गादीवर १९०९ साली श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे बसले. राज्य लहान असले तरी राजाचे मन लहान नव्हते. आपल्या प्रजेतील प्रत्येक मूल निरोगी, चपळ व कणखर व्हावे, हा त्यांचा ध्यास होता.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळच्या राजपुत्रांत एवढे शिकलेले फार थोडे होते. चित्रकला, कीर्तन आणि साहित्य यांची त्यांना मोठी आवड होती. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी स्वतः काढली. परंतु या सर्व छंदांहून अधिक निष्ठेने त्यांनी जोपासला तो व्यायामाचा छंद.

त्या वेळी युजेन सँडो या बलवान पुरुषाची कीर्ती साऱ्या जगात पसरली होती. त्याच्या पद्धतीने व्यायाम केल्यास शरीर पिळदार होते, असे लोक म्हणत. बाळासाहेबांनी त्याची पुस्तके वाचली, साधने आणविली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. त्यांना त्याचा लाभही झाला. तथापि ही साधने विकत घ्यावी लागत, आणि ती शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलाला कोठून मिळणार? जो व्यायाम केवळ राजवाड्यातच होऊ शकतो, तो प्रजेच्या काय कामाचा?

पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांचे उदाहरण पाहून बाळासाहेबांनी सूर्यनमस्कारांचा नित्य अभ्यास सुरू केला. नमस्कार आपल्याकडे पूर्वीपासून चालत आले होते. पण ते बहुधा देवपूजेचा भाग म्हणून घातले जात. बाळासाहेबांनी त्यांच्याकडे व्यायामाच्या दृष्टीने पाहिले. त्यासाठी ना साधन लागे, ना आखाडा. अंग पसरण्यापुरती जागा मिळाली की काम झाले.

त्यांनी नमस्काराच्या दहा स्थिती निश्चित केल्या. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग कमरेतून वाकून तळहात भुईला टेकावयाचे. एक पाय मागे, नंतर दुसराही मागे. मग अंग भुईलगत न्यावयाचे, छाती वर उचलावयाची, कंबर उंच करावयाची आणि एकेक पाय पुढे घेऊन पुन्हा उभे राहावयाचे. प्रत्येक स्थितीत श्वास केव्हा घ्यावा व केव्हा सोडावा, हेही त्यांनी ठरवून दिले. मान, खांदे, पाठ, कंबर, गुडघे आणि घोटे यांपैकी एकही सांधा या क्रमातून सुटत नाही.

बाळासाहेब आधी स्वतः करीत आणि मग दुसऱ्यास सांगत. राजा असूनही त्यांनी नमस्कारात कधी खंड पडू दिला नाही. राणीसाहेब व मुलेही नमस्कार घालीत. नंतर त्यांनी संस्थानातील शाळांतून हा व्यायाम सुरू केला. मुलांबरोबर मुलींनीही तो करावा, असा त्यांचा आग्रह होता. मुलींनी व्यायाम करणे त्या काळी अनेकांना रुचत नसे. पण राजेसाहेब मागे हटले नाहीत. मात्र उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी फार नमस्कार घालणे त्यांना मान्य नव्हते. थोड्यापासून आरंभ करावा, संख्या हळूहळू वाढवावी आणि नेम मोडू नये, हीच त्यांची शिकवण होती.

या शिकवणीत एक मोठे सत्य दडलेले आहे. दावणीचा बैल सोडल्याबरोबर त्याला कोणी शर्यतीत पळवीत नाही. गाडी दूरच्या वाटेस लावण्यापूर्वी शहाणा शेतकरी तिच्या आसाला वंगण घालतो. मनुष्याच्या शरीराचेही तसेच आहे. हळूहळू हालचाल केली की रक्त वेगाने वाहू लागते, स्नायू तापतात आणि सांधे मोकळे होतात. असे न करता जो खेळाडू थंड अंगाने एकदम धाव घेतो, त्याचा स्नायू ताणला जाण्याचे भय अधिक असते.

हे सत्य आता शास्त्रज्ञांनीही पडताळून पाहिले आहे. नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षे वयाच्या १८९२ फुटबॉलपटू मुलींची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. काही संघांतील मुली खेळापूर्वी सुमारे वीस मिनिटे ठरावीक व्यायाम करीत. त्यांत सावकाश धावणे, पायांचे व कमरेचे बळ वाढविणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि उडी मारून गुडघे नीट वाकवून उतरणे या गोष्टी होत्या. इतर संघ नेहमीप्रमाणेच खेळत. व्यायाम करणाऱ्या मुलींतील गंभीर दुखापती दुसऱ्यांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आल्या. खेळाडू या तयारीला वॉर्म-अप म्हणतात. केवळ नमस्कार म्हणजे ही सारी तयारी नव्हे. धावणे, तोल व उडी यांचा सराव निराळा करावा लागतो. परंतु शरीर क्रमाक्रमाने जागे करावे, हे तत्त्व दोहोंतही एकच आहे.

बाळासाहेबांचे कार्य व्यायामापुरतेच नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा १९१० साली त्यांनी आपल्या संस्थानात ती दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्यासाठी त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३९ साली तर त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मोकळी वसाहत निघाली. तेथे कैद्यांना भिंतींनी नव्हे, तर विश्वासाने बांधून ठेवले जाई.

१९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, बाळासाहेबांचे देहावसान झाले. राज्य गेले, राजपदही गेले. पण त्यांनी घराघरांत नेलेला नमस्कार मात्र राहिला.

आज लोह्याच्या मैदानावर कबड्डी किंवा खो-खो खेळणारी मुले कोणत्याही राजाची प्रजा नाहीत. औंधच्या राजाचा हुकूम त्या भागात कधी चाललाही नव्हता. १९४८ पर्यंत तेथे निजामाची सत्ता होती. तरीही त्याची शिकवण त्यांच्या उपयोगाची आहे. चढाई करताना घोटा मुरगळतो, खुंटाशी वळताना गुडघा दुखावतो, पकडीत खांदा निखळतो. अशा वेळी खेळाडू अनेक आठवडे मैदानाला मुकतो आणि त्याचा संघही दुबळा होतो. खेळापूर्वीची ती वीस मिनिटे पुष्कळांना व्यर्थ वाटतात. परंतु सामना जिंकण्याची तयारी शिट्टी वाजण्यापूर्वीच होत असते. आपले शरीर हे आपले पहिले साधन आहे. त्याची निगा राखणे हा खेळाचाच एक भाग आहे, हे जो जाणतो तोच दीर्घकाळ खेळतो.