पूज्य विनोबाजी : विज्ञान आणि अध्यात्म यांची जोडी

मुलगा विज्ञान शिकला की त्याच्या गळ्यातली माळ सुटली, अशी भीती आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. या दोहोंचे भांडण मुळी मानलेच नाही, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आज आठवू या.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, गागोदे गावी झाला. वडील नरहरपंत नव्या वळणाचे, बडोद्यास नोकरीला, विणकामाच्या शास्त्रातले जाणकार. आई रुक्मिणीबाई भक्तीत रंगलेल्या. दोन्ही प्रवाह घरातच होते! विनायकाला गणिताची भारी गोडी, पण ओढ ब्रह्मविद्येची. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला गांधीजींची भेट झाली आणि जन्माची दिशा ठरली. आईला संस्कृत गीता समजत नसे. ती गेल्यावर तिची इच्छा १९३२ साली ‘गीताई’च्या रूपाने पुरी झाली.

१९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी, आणि १९३८ पासून धाम नदीकाठचे पवनार. सूत कातणे हेही त्यांचे शास्त्रच होते. वेळ किती, सूत किती, मजुरी किती, सगळा हिशेब. कातणाऱ्याच्या मजुरीत पोट भरते का, हे त्यांनी स्वतःच्या देहावर करून पाहिले. प्रयोग केल्यावाचून बोलायचे नाही, हे विज्ञानाचे व्रत त्यांनी साधनेत आणले.

१९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. आपल्या वाडीला लागून आयुधनिर्माणी आहे; यंत्राची ताकद इथल्या माणसाला वेगळी सांगायला नको. विनोबांचे म्हणणे असे की, विज्ञान ही गती आहे आणि अध्यात्म ही दिशा. हातात अणूचे बळ आणि मनात जुनाच राग-द्वेष, तर सर्वनाश ठरलेला. जीव उत्क्रांत होत माणसापर्यंत आला. आता पुढचे पाऊल शरीराचे नव्हे, मनाच्या वर उठण्याचे. योगी अरविंदांच्या विचारात त्यांना हीच खूण दिसली. आणि हे पाऊल एकट्याने टाकायचे नाही, सर्वांनी मिळून टाकायचे. आपल्याला हे नवे का वाटावे? माउलींनी पसायदान साऱ्या विश्वासाठीच मागितले ना!

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन मिळाली. तेथून भूदानाची पदयात्रा निघाली, ती १३ वर्षे चालली. आपली वारी काही दिवसांची, ही वर्षांची! ४० लाख एकरांहून अधिक जमीन दानात आली. त्यातली पुष्कळ नापीक वा तंट्याची निघाली, कित्येक एकर वाटलेच गेले नाहीत, हेही खरे. कागदावर सही झाली म्हणजे मन पालटले असे होत नाही, बरं का.

पण मन पालटते, हेही लोकांनी पाहिले. १९५३ साली वैद्यनाथधामी दलित बांधवांसह दर्शनाला गेले असता विनोबांनी पंड्यांचा मार खाल्ला. १९५८ साली पंढरपुरात मात्र अन्य धर्मीयांसह त्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळाला. पांडुरंगासमोर त्यांचे डोळे वाहू लागले. उत्क्रांतीचे पाऊल म्हणतात ते हेच नव्हे का?

१९५९ साली पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले. शेवटी अन्न व औषध सोडून, शांत चित्ताने, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला.

तेव्हा मायबापहो, मुलाला विज्ञान जरूर शिकवा, आणि हरिपाठाला शेजारी बसवा. गती त्याला शाळा देईल. दिशा देणे आपल्याकडे आहे.

रामकृष्णहरी.